दांडी हातात, लक्ष कुठे?

*ताई, नमस्कार. वय ३६, वजन ७४ किलो. अंबडला एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर आहे, तिन्ही शिफ्ट आलटून-पालटून. दीड वर्षापासून सिडकोत एका जिमला जातो. पहिले पाच-सहा महिने वजन भराभर चढलं, मग बेंच प्रेस (बाकावर झोपून छातीवरून दांडी वर ढकलणं) ६० किलोवर जी अडकली ती अडकलीच. गेल्या महिन्यात थर्ड शिफ्ट सुटल्यावर सकाळी तसाच जिमला गेलो आणि डेडलिफ्टला (जमिनीवरची दांडी धरून उभं राहणं) १०० किलो लावले. चौथ्या रेपला, म्हणजे चौथ्यांदा उचलताना, कंबरेत उसण भरली. चार दिवस रजा. आता दुखत नाही, पण दांडीला हात लावायची भीती वाटते. ट्रेनर म्हणतो, 'तुझं माइंड-मसल कनेक्शन नाही, मसल फील कर.' मोबाइलवर एक जण सांगतो स्नायूचाच विचार करा, दुसरा सांगतो विचार करूच नका, जोर लावा. माझ्या डोक्यात तर सेट चालू असताना घराचा हप्ता, कंपनीतलं रिजेक्शन आणि मुलीची फी फिरत असते. शेजारची विशीतली पोरं माझ्या दीडपट वजन मारतात, तेही दिसतंच. नक्की लक्ष द्यायचं कुठे? आणि कंबरेला पट्टा घ्यावा का?*

*– एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक*

नमस्कार.

आधी कंबर. चार दिवसांत दुखणं गेलं, आता वाकता-उठताना काही होत नाही, म्हणजे बहुतेक साधी उसणच होती. तरी एकदा नीट आठवून बघा. दुखणं कंबरेतून निघून गुडघ्याच्या खाली उतरलं होतं का? पायाला मुंग्या, बधिरपणा, चालताना पाऊल उचलायला जड? यातलं काही झालं असेल किंवा अजून होत असेल, तर जिमच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि दोन मांड्यांमधला बसायचा भाग बधिर झाला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, असं कधी झालंच तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. तिथे मालीशवाला, शेकाची पिशवी आणि 'कंबर बसवून देणारे' काका यांचं काम नाही. यातलं काहीच नसेल, तर तुमच्या कंबरेला आता हालचाल हवी आहे. महिना झाला, आराम पुरे.

पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात: थर्ड शिफ्ट सुटल्यावर सकाळी तसाच जिमला गेलो. रात्रभर मशीनसमोर उभं राहायचं, पहाटेच्या वेळी डोळ्यांवर झापड, मग गाडीला किक मारून थेट जिम, आणि तिथे दीड वर्षातलं सगळ्यात जड वजन! ट्रेनरने तुमच्यात कनेक्शनची कमतरता शोधली. मी झोपेची शोधली असती. जागरणाने ताकद थोडीफार कमी होते, पण सावधपणा त्याहून जास्त कमी होतो. तिसऱ्या रेपला कंबर गोल व्हायला लागली असेल, तर झोप झालेल्या माणसाला ते जाणवतं आणि तो दांडी खाली ठेवतो. तुम्हाला ते चौथ्या रेपला, उसण भरल्यावर कळलं.

आता तुमचा खरा प्रश्न. मोबाइलवरचे ते दोघेही बरोबर आहेत. दोघे वेगवेगळ्या वजनांबद्दल बोलतात आणि नेमकं तेवढंच सांगायचं विसरतात.

लक्ष दोन ठिकाणी देता येतं. एक तर शरीराच्या आत, म्हणजे 'छाती आवळली जातेय', 'दंड आखडतोय'. किंवा शरीराबाहेर, म्हणजे 'दांडी वर जातेय', 'जमीन खाली ढकलतोय'. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने १९९० च्या दशकापासून हा विषय लावून धरला आहे. तिच्या आणि तिच्यामागून झालेल्या बऱ्याच प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं ते असं, की जिथे जोर, तोल आणि हालचालीची सफाई हवी तिथे बाहेर लक्ष दिलेलं बरं. स्नायूंवर पहारा ठेवायला गेलं की हालचाल अडखळते. जे काम शरीर आपोआप करत असतं, त्यात आपण मध्येच हात घालतो.

मग 'मसल फील कर' म्हणणारे खोटं बोलतात का? तसंही नाही. २०१६ साली सरावलेल्या पुरुषांवर बेंच प्रेसचा एक प्रयोग झाला. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत छातीवर लक्ष दिलं की छातीचा स्नायू खरोखर जास्त काम करत होता. ८० टक्क्यांवर मात्र लक्ष दिलं काय आणि न दिलं काय, फरक पडेना. वजन जड झालं की शरीर हाताशी असलेलं सगळं कामाला लावतं, तुमची सूचना ऐकायला थांबत नाही. २०१८ साली ब्रॅड शोनफेल्ड हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवख्या तरुणांकडून आठ आठवडे व्यायाम करून घेतला. दंडाच्या व्यायामात 'स्नायू आवळा' असं सांगितलेल्यांच्या दंडाची जाडी १२.४ टक्के वाढली, 'वजन वर न्या' असं सांगितलेल्यांची ६.९ टक्के. मांडीच्या व्यायामात मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठे इमले बांधू नका. पण दंडापुरता ट्रेनरचा सल्ला कामाचा आहे, एवढं नक्की.

म्हणून तुमच्यासाठी सोपी वाटणी करून देते. डेडलिफ्ट, स्क्वॉट, बेंच, ओव्हरहेड प्रेस यांचे जड सेट असतील तेव्हा लक्ष बाहेर. डेडलिफ्टला 'जमीन ढकल', बेंचला 'दांडी छताकडे', स्क्वॉटला 'पाठीवरची दांडी सरळ वर'. प्रत्येक सेटला सूचना एकच. पाच सूचना घेऊन दांडीखाली गेलात तर पाचही हवेत जातात. बायसेप्स कर्ल, लॅटरल रेझ, लेग कर्ल, केबलचे व्यायाम असे हलक्या वजनाचे बारा-पंधराचे सेट असतील तेव्हा खुशाल आत लक्ष द्या. डोळे मिटले तरी चालतील. वजन खाली आणताना दोन-तीन सेकंद घ्या, झोका देऊ नका, आणि ज्या स्नायूचा व्यायाम आहे तोच भरून येतोय का ते बघा. लॅट पुलडाऊनला पाठीऐवजी नुसते हातच दुखत असतील तर वजन एक खिट्टी खाली घ्या. तिथे ट्रेनरचं शंभर टक्के ऐका.

आता डेडलिफ्टचा एक सेट जवळून बघू, कारण तुमची भीती तिथे आहे. तुम्ही मशीनवर सेटिंग बदललं की पहिला पीस काढता, मायक्रोमीटर लावता, माप बसल्याशिवाय लॉट सोडत नाही. डेडलिफ्टची पहिली रेप तोच पहिला पीस आहे. दांडी बुटाच्या नाडीच्या गाठीवर, नडगीपासून दोन बोटं लांब. खाली वाकून दांडी धरा, नडग्या दांडीला टेकवा, छाती थोडी पुढे काढा, काखा घट्ट बंद. पोटात श्वास भरा आणि दांडी न उचलता नुसती ताणा. दांडी प्लेटच्या भोकात वरच्या बाजूला टेकल्याचा 'टक्' असा आवाज येईल. तो आवाज येईपर्यंत उचलायचं नाही. ढील शिल्लक असताना हिसका मारला की तो हिसका दांडीआधी कंबरेला बसतो. पुष्कळदा उसण भरते ती याच क्षणी, किंवा मग दमल्यावर ढील काढायचा कंटाळा केला की. 'टक्' झालं की जमीन ढकला. दांडी पायाला चाटत वर आली पाहिजे. लांबून आली तर तो पीस रिजेक्ट. खाली ठेवा, पुन्हा मांडणी करा. दुसरी रेप पहिल्यासारखी, तिसरी दुसऱ्यासारखी. ज्या रेपला माप चुकलं तिथे सेट संपला, मग वहीत पाच लिहिलेले असोत की आठ.

दोन गोष्टी तुमच्या जिममध्ये जाऊन स्वतः तपासा. पहिली, तिथली दांडी किती किलोची आहे? स्पर्धेतली पुरुषांची दांडी २० किलोची असते, पण गल्लीतल्या जिममध्ये १० पासून २० पर्यंत काहीही सापडतं. तुमचे ६० म्हणजे दांडीसकट ६० की नुसत्या प्लेटचे, हे पत्रावरून मला कळलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे का? मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या माणसाने वजनकाट्यावर दांडी ठेवून एकदा बघायला हरकत नाही. दुसरी, जमिनीपासून दांडीची उंची. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे दांडी जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहते. लहान व्यासाच्या लोखंडी प्लेट लावल्या की दांडी तेवढी खाली जाते, आणि तिला धरायला कंबर गोल करूनच वाकावं लागतं. यात तुमचा काय दोष? प्लेटखाली रबरी मॅटच्या थप्प्या लावा किंवा दांडी रॅकच्या खालच्या खिट्ट्यांवर ठेवा, म्हणजे ती नडगीच्या मध्यावर येईल.

हप्ता, रिजेक्शन, फी. पाच रेपचा एक सेट वीस-तीस सेकंदांत आटपतो. तासाभराच्या व्यायामात तुम्हाला खरं लक्ष द्यायचंय ते सगळं मिळून आठ-दहा मिनिटं. बाकीचा वेळ तुम्ही बाकावर बसलेले असता. त्या वेळात हप्त्याचा विचार आला तर येऊ द्या, त्याच्याशी भांडू नका. त्यासाठी ध्यानाला बसायची वगैरे गरज नाही. फक्त दांडीजवळ जाण्याआधी एक ठरलेली कृती हवी, रोज तीच आणि त्याच क्रमाने. हाताला पावडर चोळणं, प्लेटच्या क्लिपा दोन्ही बाजूंनी दाबून बघणं, एक मोठा श्वास सोडणं, असं काहीही चालेल. जुन्या तालमीत आखाड्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावतात. त्यात भक्तिभाव असतोच, पण बाहेरचं बाहेर ठेवून आत यायचं, हेही त्याने साधतं. ती कृती झाली आणि डोक्यात अजून रिजेक्शनच फिरतंय, तर आणखी एक मिनिट बसा. जिम कुठे पळून जात नाही.

मोबाइल मात्र पिशवीत. दोन सेटच्या मध्ये रील बघणारा माणूस पुढच्या सेटला शरीराने येतो, डोक्याने मागेच राहतो. शिवाय वेळेचं भान जातं. कधी पन्नास सेकंदांत उठतो, कधी सात मिनिटांनी. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. जड सेटनंतर तीन मिनिटं, हलक्यानंतर दीड. सरावलेल्या तरुणांवर २०१६ साली झालेल्या एका प्रयोगात एक मिनिट थांबणाऱ्यांपेक्षा तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद जास्त वाढली. घामाघूम होऊन धापा टाकत सेटमागून सेट मारणं म्हणजे जोरदार व्यायाम, असा आपल्याकडे एक समज आहे. तेवढा घाम तर उन्हाळ्यात द्वारकेच्या सिग्नललाही निघतो.

मोबाइलचा एकच उपयोग ठेवा. आठवड्यातून एकदा डेडलिफ्टचा एक सेट बाजूने, कंबरेच्या उंचीवरून कुणाला तरी शूट करायला सांगा. समोरून काढलेल्या व्हिडिओत फक्त चेहरा दिसतो, पाठ दिसत नाही. आरशाकडे मान वळवून स्वतःला बघत दांडी उचलणं तर बंदच करा.

आता बेंचचे ६० किलो. पहिल्या काही महिन्यांत वजन भराभर चढतं, त्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो. स्नायू फार वाढलेले नसतात, असलेल्या स्नायूंना एकत्र जोर लावायला शरीर शिकत असतं. ते शिकणं झालं की वेग मंदावतो. म्हणजे तुमचं काही बिघडलेलं नाही, नवेपण संपलं एवढंच. पण अडकण्याचं एक अगदी साधं कारण असू शकतं, जे जिमवाले सांगत नाहीत. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की वजन एकदम पाच किलोने वाढतं. ६० वरून ६५ म्हणजे आठ टक्क्यांहून मोठी उडी. दीड वर्ष व्यायाम केलेल्या माणसाला बेंचवर आठ टक्के एका दिवसात मिळत नाहीत. तुम्ही ६५ लावता, दोन रेपमध्ये दांडी छातीवर बसते, परत ६० वर येता, आणि हे महिनोन्महिने चालतं.

त्याऐवजी असं करा. ६० किलोवर सहा-सहाचे तीन सेट येत असतील तर वजनाला हात न लावता रेप वाढवा: सात, सात, सहा, मग सात, सात, सात. तिन्ही सेटमध्ये आठ-आठ आले की सव्वा किलोच्या दोन प्लेट लावून ६२.५ वर जा आणि पुन्हा सहापासून सुरू करा. जिममध्ये सव्वाच्या प्लेट नसतील तर स्वतःची जोडी घेऊन पिशवीत ठेवा. आठवड्यातून एकदाच बेंच करत असाल तर दोनदा करा. आणि हे सगळं वहीत लिहा. तारीख, वजन, रेप, आणि शेवटी एक आकडा: अजून किती रेप निघाल्या असत्या.

या शेवटच्या आकड्यावर थोडं रेंगाळते, कारण सावधपणे व्यायाम करणं मला बहुतेक याच आकड्यात दिसतं. सेट संपवताना अजून एक ते तीन रेप शिल्लक असाव्यात. डेडलिफ्ट-स्क्वॉटला दोन-तीन, दंड-खांद्याच्या हलक्या व्यायामाला एखादीच किंवा शून्य. शिल्लक ओळखायची कशी? वेगावरून. तुम्ही सारखाच जोर लावत असूनही दांडी मध्येच मंदावली, एखाद्या जागी क्षणभर रेंगाळली, तर एक-दोन उरल्यात असं समजा. चेहरा वाकडा होणं किंवा स्नायूत आग होणं ही खूण धरू नका. आग तर पंधरा रेपच्या सेटमध्ये दहाव्यालाच लागते. सुरुवातीला अंदाज चुकतोच, आणि बहुतेकांचा एकाच बाजूला चुकतो: त्यांना वाटतं संपलं, प्रत्यक्षात दोन-तीन उरलेल्या असतात. म्हणून महिन्यातून एकदा मशीनवर, जिथे वजन अंगावर पडायची भीती नाही तिथे, खरोखर हलेनासं होईपर्यंत जा आणि आपला अंदाज पडताळा. बेंचवर हा प्रयोग एकट्याने नको. मागे माणूस उभा हवा किंवा रॅकच्या आडव्या सळ्या छातीच्या उंचीला लावलेल्या हव्यात.

ट्रेनर 'अजून दोन, अजून दोन' ओरडतो तेव्हा काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला दिसतंय. त्याला दुखवायची गरज नाही. सेटच्या आधीच सांगून टाका, 'दादा, आज पाचच मारणार आहे, तुम्ही फक्त माझी पाठ बघा.' माणसाला काम नेमून दिलं की तो ते करतो.

जाता जाता एक गंमत. जिममध्ये 'दहाचे तीन सेट' असा जो मंत्र चालतो, त्याचा एक धागा दुसऱ्या महायुद्धातल्या एका लष्करी हॉस्पिटलपर्यंत जातो. थॉमस डिलॉर्म हा अमेरिकन डॉक्टर शिकागोत गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना जड वजनाचे व्यायाम देत होता. त्या काळी अशा सैनिकांना जपून, हलकेच व्यायाम द्यायची पद्धत होती. त्याने १९४५ साली आपलं काम छापलं. सुरुवातीला तो दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घेई. पुढे १९४८ साली त्याने ते तीनवर आणले: पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, आणि पूर्ण वजन फक्त तिसऱ्याला. आपण तीन सेट तेवढे उचलले, पायरी विसरलो. तुम्ही डेडलिफ्टला थेट कामाच्या वजनावर जात असाल तर ही पायरी परत आणा. आणि थंडीत, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की, आधीचे हलके सेट दोनने वाढवा. गार सांध्यांवर पहाटे सहाला वजन टाकायचं नाही.

पट्टा. पट्टा पोटाला दाब द्यायला आधार देतो, म्हणून जड वजन उचलायला मदत होते. चुकीची रेप तो बरोबर करत नाही. कंबरेच्या भीतीपोटी घेणार असाल तर सध्या घेऊ नका. पट्टा बांधला की माणूस दहा किलो जास्त लावतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता त्यावर वादही घालत नाही. आधी पोटात श्वास भरून चारी बाजूंनी फुगवायला शिका. उचलताना सगळ्यात अवघड जागा पार होईपर्यंत श्वास धरा, मग सोडा. बीपीचा त्रास असेल तर मात्र श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडत जायचा. कोंडलेल्या श्वासाने आणि जड वजनाने रक्तदाब क्षणभर फार वर जातो. छत्तिशीत एकदा बीपी मोजून घ्यायला काहीच लागत नाही.

विशीतली पोरं दीडपट मारतात, तर मारू द्या. त्यांना झोप मिळते, त्यांचा हप्ता बाप भरतो, आणि त्यातल्या निम्म्यांच्या बेंचची दांडी छातीपर्यंत येतच नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्य मिळवलं. क्लीन अँड जर्कच्या (आधी खांद्यावर, मग डोक्यावर वजन नेण्याच्या प्रकारातल्या) दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो उचलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली, आणि सुवर्ण एका किलोने हुकलं. त्याने तो धोका पत्करला तो देशासाठी, पदकासाठी, वर्षानुवर्षांच्या तयारीनंतर. मंगळवारी सकाळी सिडकोत तुम्हाला कोण पदक देणार होतं?

खाण्याबद्दल थोडक्यात. ताकद वाढवायची तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. तुमच्यासाठी ते ११५ ते १२० ग्रॅम होतात. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, सोयाबीनच्या वड्यांत, कोरड्या मोजल्या तर, शंभरला पन्नासच्या वर. रविवारची मिसळ मोड आलेल्या मटकीची असते म्हणून ती प्रथिनांत धरू नका. तर्री आणि पावच जास्त होतो. खा, पण हिशेबात नको. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

राहिली डेडलिफ्ट. ६० किलोपासून सुरू करा, पाचचे तीन सेट, आठवड्यातून एकदा. 'टक्' ऐकल्याशिवाय एकही रेप नाही. दुसऱ्या दिवशी कंबर नेहमीसारखी असेल तर पुढच्या आठवड्यात पाच किलो वाढवा. दोन्ही बाजूंच्या पाठीत सारखं, चोळल्यासारखं दुखणं एक-दोन दिवस राहिलं तर त्यात काही नाही. एका बाजूला टोचणारं, किंवा पायात उतरणारं दुखलं तर तिथेच थांबा. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात वजन वाढवायचं नाही. सकाळी सुटल्यावर घरी जाऊन झोपा, दुपारी उठल्यावर वाटलं तर पांडवलेणीच्या पायऱ्या चढून या, तुम्हाला जवळच आहेत. जिमला गेलातच तर मशीन आणि डंबेल, डेडलिफ्ट चाळीस किलोने. म्हणजे तीन आठवड्यांत दोनदाच वजन चढेल, आणि सगळं सरळ चाललं तर तेराव्या आठवड्यात १०० लागतील. मध्ये एखादा आठवडा आजारपणाने किंवा लग्नाने गेला तर पाच किलो मागे या.

शंभरच्या दिवशी आदल्या रात्री सात तास झोप झालेली हवी आणि मागे पाठ बघणारा माणूस हवा. ऐनवेळी कोणी रजेवर गेलं म्हणून तुम्हाला नाईट लागली, तर शंभर पुढच्या आठवड्यात.